बारा मिनिटं जुना ढग

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या असतील तर लेखी परवानगी लागते, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच सांगण्यात आलं, की "अहो, आईने गहू भिजत घातलेत."

विभावरीने, म्हणजे माझ्या बायकोने, हे मंगळवारी सकाळी मी बुटाची नाडी बांधत असताना सांगितलं. मोठ्या बातम्या आमच्याकडे मी वाकलेला असतानाच देतात. मी "बरं" म्हणालो आणि ऑफिसला गेलो. मेट्रोत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. गहू भिजले म्हणजे तीन दिवसांनी वाटणार, चौथ्या दिवशी चीक शिजणार आणि त्याच दिवशी कुरडया वाळायला ऊन आणि जागा लागणार. ऊन दुबईत ढीगभर. जागा म्हणाल तर आमच्या बाल्कनीत एक तुळस आणि एक मी, असे आळीपाळीने उभे राहतो.

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कराडहून तीन महिने आमच्याकडे विश्रांतीला आल्या होत्या. येत्या रविवारी संध्याकाळी त्यांचं परतीचं विमान होतं आणि पुढे पंधरा दिवसांनी त्यांच्या नातीचं, अस्मिताचं लग्न. आता यात एक नाजूक बाब अशी, की घरातल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात सासूबाईंच्या हातच्या एकावन्न कुरडया असतात. ताटलीएवढ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. त्यांच्या दोन्ही मुलींच्या रुखवतात होत्या, चार पुतण्यांच्या होत्या. अस्मिता ही शेवटची मुलगी, पुढे सगळे मुलगेच. पण अस्मिताच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, फोनवर सांगितलं, "आई, तुझे गुडघे असे. यंदा विकतच्या आणू."

सासूबाईंनी फोन ठेवला. पुढचे दोन दिवस त्यांनी जेवताना वरून मीठ मागितलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, कारण आमच्या घरच्या भाजीला मीठ कमी असतं हे त्या तीन महिने रोज सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी गहू भिजले. "विकतच्या कुरडया मांडायच्या असतील तर मला त्या मांडवात बसवू नका," एवढंच त्या विभावरीला म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

बुधवारी जेवताना चिरंजीव शार्दूल, वय चौदा, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आज्जी, इट्स गोइंग टु रेन ऑन सॅटर्डे."

शनिवारी म्हणजे नेमक्या कुरडयांच्या दिवशी. वर्षाचे तीनशे साठ दिवस या शहरात आभाळाला काही काम नसतं. विभावरी म्हणाली, एक दिवस पुढे ढकलू. सासूबाई म्हणाल्या, "गहू आंबतील. आणि रविवारी मी विमानात बसून घालू होय कुरडया?" तेवढ्यात मी म्हणालो, "मी आहे ना."

माझ्या आयुष्यातली सगळी संकटं याच तीन शब्दांनी सुरू झालेली आहेत.

मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर आहे. म्हणजे बाकीचे लोक कॉम्प्युटरवर काम करतात आणि ते कधी होणार हे मी त्यांना विचारतो. पण सासरी मला कॉम्प्युटर इंजिनियर समजतात आणि तो गैरसमज दूर करायला मला गेल्या सोळा वर्षांत सवड झालेली नाही. मी जाहीर केलं, की रडारचा डेटा सरळ आपल्या घरात घेऊ. ढग कुठे आहे ते दर पाच मिनिटांनी दिसेल आणि जवळ आला की घंटा वाजेल. मोबाइलवरचा अंदाज म्हणजे 'पाऊस पडण्याची शक्यता'. शक्यता कराडमध्येही असते. आपल्याला ढग हवा, नक्की कुठल्या रस्त्यावर आहे तो.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. लग्नात नारळ घेताना बघितलं होतं, त्यानंतर पहिल्यांदा एवढ्या विश्वासाने बघितलं.

आधी गच्ची. गुरुवारी सकाळी मी बिल्डिंगच्या ऑफिसात गेलो. तिथे हाफिजा मॅडम बसतात. त्यांनी एक फॉर्म दिला. कारण: डिश अँटेना, एसी, पाण्याची टाकी, इतर. मी 'इतर'वर खूण करून 'कुरडई' लिहिलं.

"व्हॉट इज कुरडई?"

"नूडल्ससारखं असतं, मॅडम."

"टेरेसवर कुकिंग अलाउड नाही."

"कुकिंग नाही. फक्त वाळवायचं."

"ड्रायिंग अलाउड नाही. कपडे घरात वाळवायचे."

"कपडे नाहीत हो, नूडल्स!"

"नूडल्सचं कुकिंग अलाउड नाही, सर."

हे चक्र तीन वेळा फिरलं. चौथ्या फेरीला बिल्डिंगचा एसीवाला सुदेश किल्ल्या ठेवायला आत आला. हा वेंगुर्ल्याचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्याने फॉर्मकडे नजर टाकली आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, शादी का सामान है. नानी अपने हात से बना रही है."

"शादी?" हाफिजा मॅडमचा चेहराच बदलला. "मब्रूक, मब्रूक! पहले क्यों नहीं बोला?" त्यांनी 'इतर'पुढे 'वेडिंग' लिहिलं, शनिवारी सकाळी सहा ते दोन अशी वेळ घातली आणि सुदेश हजर राहील अशी अट टाकून शिक्का मारला. पाच मिनिटांत खलास. मी वीस वर्षं सर्व्हिस केलेला माणूस, पण माझ्या लक्षात आलं नाही ते सुदेशला कळलं. असो.

मग रडार. दुबईच्या देरा भागातली एक छोटी कंपनी हवामानाचा डेटा पुरवते, तिची चौदा दिवसांची फुकट ट्रायल मी घेतली. घरातला जुना लॅपटॉप काढला. शार्दूलने दहा मिनिटांत सगळं जोडलं आणि मी दोन तास त्याला मार्गदर्शन केलं. पडद्यावर नकाशा आला, मधोमध आमची बिल्डिंग, तिच्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ. पावसाचा ढग वर्तुळात शिरला की शंख वाजणार. घंटेऐवजी शंख ही माझी सूचना. लॅपटॉप देवघराशेजारच्या स्टुलावर ठेवला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. स्पेसबारवर अजून थोडं आहे.

सगळं उत्तम झालं होतं. फक्त कोपऱ्यात एक लाल ओळ येत होती: हे चित्र बारा मिनिटं जुनं आहे.

बारा मिनिटं! मी हिशेब केला. ढग ताशी चाळीस किलोमीटरने येत असेल तर बारा मिनिटांत आठ किलोमीटर पुढे सरकतो. म्हणजे मला दिसतोय तो ढग तिथे नाहीच. माझ्यातला को-ऑर्डिनेटर जागा झाला. मी कंपनीला ईमेल लिहिली. 'तुमच्या बेजबाबदारपणामुळे एका कुटुंबाचा मंगल प्रसंग धोक्यात आला आहे' अशी सुरुवात होती. उत्तर आलं, तिकीट नंबर ४४७१, आमच्याकडून डेटा वेळेवर जात आहे. मी दुसरी लिहिली, कडक. उत्तर आलं, कृपया मॉडेम बंद करून चालू करा.

मी बंद करून चालू केला. बारा मिनिटं.

खालच्या मजल्यावरचे अबुजरभाई आले. हे मूळचे खेडचे, देऱ्यात त्यांचं मसाल्याचं ऑफिस आहे आणि जगातल्या कुठल्याही वस्तूत काय बिघडलंय ते त्यांना लांबूनच कळतं. "वायर," ते म्हणाले. "साबनीसभाऊ, वायर खराब आहे. माझ्याकडे आहे नवी." वायर बदलली. बारा मिनिटं. "मग खिडकीत ठेवा. रडार आकाशातून येतं ना? मधे भिंत आली की दमतं ते." मी शिकलेला माणूस. मी हसलो, त्यांना चहा दिला, घालवलं आणि मग लॅपटॉप खिडकीत ठेवून बघितला. बारा मिनिटं.

शार्दूल म्हणाला, "बाबा, मे बी द प्रॉब्लेम इज ऑन अवर साइड."

"आपल्या बाजूला प्रॉब्लेम नसतो," मी म्हणालो. घरात एक तरी माणूस ठाम लागतो.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणापर्यंत त्या कंपनीने काही केलं नाही, तेव्हा मी माझ्यापुरता तोडगा काढला. ढग आठ किलोमीटर आधीच धरायचा. वर्तुळ दहाचं अठरा केलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माणूस हुशार असला की परक्या मुलखात अडत नाही." विभावरीने माझ्या ताटात न विचारता तिसरी पोळी वाढली.

शनिवारी पाचला सगळे उठलो. पाच म्हणजे घरच्या घड्याळात पाच. आमच्याकडे घड्याळ जरा पुढेच असतं, आणि कुठल्या सुसंस्कृत घरात ते नसतं? चीक शिजला. घरभर हिंगाचा आणि गव्हाचा तो ओलसर गोड वास सुटला. सुदेशने कुठून तरी प्लायवूडच्या सहा फळ्या आणल्या होत्या, त्यावर प्लास्टिक पसरलं. त्या प्लास्टिकला पंधरा दिरहम पडले, सासूबाईंनी लगेच "म्हणजे साडेतीनशे रुपये! त्यात सुती लुगडं येतं," असं मोठ्याने सुनावलं. सुदेश सोऱ्या दाबायला बसला, सासूबाई खुर्चीवरून हात फिरवून आकार देत होत्या, विभावरी रंग कालवत होती. गेल्या तीन महिन्यांत सासूबाई इतक्या बोलल्या नव्हत्या. सुदेशला त्याच्या बायकोचं नाव विचारून झालं, मुलं किती ते विचारून झालं. आठ वाजता साठ कुरडया फळ्यांवर होत्या. नऊ जादा, मोडतोडीला.

हाफिजा मॅडम तपासणीला वर आल्या. सासूबाईंनी त्यांना वाटीभर गरम चीक, वर साखर आणि तूप घालून दिला. मॅडमनी पहिला चमचा संशयाने खाल्ला आणि दुसरी वाटी मागितली. जाताना परवानगीच्या कागदावर दोनचे पाच केले. "इन्शाल्ला पाच," म्हणाल्या.

मी खाली लॅपटॉपपाशी आणि बाकी सगळे गच्चीवर. नऊच्या सुमाराला शंख वाजला.

मी जिन्यातून ओरडत वर गेलो, "आला, आला! उचला!" ओल्या कुरडयांच्या सहा फळ्या, एकेका फळीला दोघं, गच्चीच्या दारातून जिन्याच्या माथ्यावर. सगळे धापा टाकत आभाळाकडे बघत उभे. ढग आला. आमच्यापासून बराच लांबून, समुद्राच्या बाजूने, खाली मान घालून निघून गेला. फळ्या परत बाहेर. चार कुरडया मोडल्या होत्या.

"होतं असं," सासूबाई म्हणाल्या.

दहा वाजता पुन्हा शंख. पुन्हा फळ्या. हा ढग तर आलाच नाही, वाटेत कुठे विरघळला कोण जाणे. आणखी चार गेल्या. "बावन्न राहिल्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि या वेळी 'होतं असं' म्हणाल्या नाहीत. अबुजरभाई म्हणाले, "मी वायर सांगितली होती." सुदेश पश्चिमेकडे बघत म्हणाला, "साहेब, त्या मशीनपेक्षा मी बघत बसतो ना वर." विभावरी काहीच बोलली नाही. सोळा वर्षांच्या संसारात मला तिचं बोलणं झेपतं, न बोलणं झेपत नाही.

मी खाली आलो आणि त्या कंपनीला फोन लावला. फोनवर उमर नावाचा शांत आवाजाचा मुलगा होता. मी हिंदीत, इंग्रजीत आणि मधूनच मराठीत जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "सर, दस चालीस का पिक्चर अभी भेजा है. आपको मिला?"

"मिला! लेकिन बारा मिनट लेट मिला!"

"सर, अभी तो भेजा."

"अभी नहीं भेजा! अभी दस बावन्न हुए हैं! माझ्या समोर लिहिलंय, दस बावन्न!"

उमरने अतिशय अदबीने विचारलं, "सर, आप कौनसी कंट्री से बोल रहे हैं? दुबई में तो अभी दस चालीस है."

मी लॅपटॉपकडे बघितलं. दहा बावन्न. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा बावन्न. मग हातातला मोबाइल कानापासून काढून बघितला. दहा चाळीस.

आणि मला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी शार्दूलची स्कूल बस रोज चुकायची. तो सकाळी या लॅपटॉपवर बसायचा, म्हणून मी, स्वतःच्या हाताने, या लॅपटॉपचं घड्याळ हॉलमधल्या घड्याळाशी जुळवून ठेवलं होतं. बारा मिनिटं पुढे. ही बारा मिनिटं मूळची सासूबाईंच्या मनगटावरची. विभावरी ती माहेराहून घेऊन आली. घरातल्या माणसांना त्याची इतकी सवय, की घड्याळात सव्वा आठ दिसले की आम्ही मनात आठ वाजून तीन म्हणतो आणि आमचं आम्हालाही कळत नाही. पण लॅपटॉप बिचारा मनात वजाबाकी करत नाही. चित्र ताजं होतं, ते शिळं ठरवणारं घड्याळ माझं होतं. आणि मी त्या ताज्या चित्राला आणखी आठ किलोमीटर पुढे ढकलून आठ कुरडया मोडल्या होत्या.

"सर? तिकीट क्लोज करूं?" उमरने विचारलं.

"करो," मी म्हणालो.

लॅपटॉपची वेळ बरोबर केली. लाल ओळ नाहीशी झाली. वर्तुळ परत दहावर आणलं. मग वर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "त्यांची चूक होती. मी झापलं. आता दुरुस्त केलंय त्यांनी." हे वाक्य बोलताना मी सुदेशच्या नजरेला नजर दिली नाही. पण सासूबाईंचा चेहरा खुलला आणि मला वाटलं, चालतंय, देवाला कळतं आपण कुठल्या परिस्थितीत आहोत.

अकरा वाजून पाच मिनिटांनी शंख वाजला. या वेळी ढग मोठा होता, काळपट लाल, जेबेल अलीवरून सरळ आमच्या दिशेने. दहा किलोमीटर, पंधरा मिनिटं. मोबाइल चार्जिंगला लावलेला, तो तिथेच सोडून मी धावलो. "अकरा वीसला पाऊस! नक्की!"

सासूबाईंनी मनगट बघितलं. "अगं बाई, अकरा सतरा झाले की! तीनच मिनिटं!"

मग काय, पळापळ. अबुजरभाई लुंगी आवरत, शार्दूल "ओ माय गॉड, ओ माय गॉड" करत, मी आणि विभावरी एका फळीला. सगळं जिन्यात आलं. एकच मोडली. सासूबाईंनी मोजल्या: एकावन्न. बरोबर एकावन्न. आता एकही मोडायची सोय नव्हती.

आम्ही दारात उभे राहिलो. सासूबाईंच्या घड्याळात अकरा वीस झाले. पाऊस नाही. अकरा पंचवीस. गच्चीवर लख्ख ऊन. अकरा अठ्ठावीस. जिन्यात वारा नाही, कोंदट, आणि अर्धवट वाळलेल्या कुरडया पुन्हा ओलसर व्हायला लागल्या. सासूबाई एकीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आता इथे ठेवल्या तर चिकटतील. फेकूनच द्याव्या लागतील." त्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, पुरे झालं तुमचं रडार. सुदेश, उचल. बाहेर ने."

सुदेशने फळीला हात घातला. त्यांनी पुन्हा मनगट बघितलं. "साडेअकरा," त्या म्हणाल्या, "साडेअकरा झाले आणि म्हणे वीसला."

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी लॅपटॉप दुरुस्त केला होता. सासूबाई दुरुस्त केल्या नव्हत्या.

"थांबा!" मी ओरडलो. दारात आडवा उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला लावून. "सुदेश, तुझ्या मोबाइलमध्ये किती वाजले?"

"अकरा अठरा, साहेब."

"दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं कोणी हलू नका."

"आणि का म्हणून?" विभावरीचं पहिलं वाक्य, दहा वाजल्यापासूनचं.

आता खोटं बोलून भागणार नव्हतं. समोर एकावन्न कुरडया, मागे रिकामी गच्ची आणि मधे मी, पोटावर चिकाचे डाग पडलेल्या बनियनमध्ये. मी सांगून टाकलं. सगळं. लॅपटॉपचं घड्याळ मीच पुढे केलं होतं, कंपनीची चूक नव्हतीच, झापायला हवं होतं ते मलाच, आधीचे दोन शंख माझ्यामुळे वाजले, आठ कुरडया मी मोडल्या. "पण आई, आत्ताचा ढग खरा आहे. तुमचं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे. अजून वीस झालेलेच नाहीत."

अबुजरभाई म्हणाले, "म्हणजे वायर ठीक होती?" शार्दूलने तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी दाराची चौकट सोडली नाही. माझा पाणउतारा झालेला होता, आता मला गमवायला फक्त कुरडया होत्या.

"एकोणीस," सुदेश म्हणाला.

ऊन तसंच होतं. मी मनात सगळ्या देवांची यादी काढली.

"वीस."

काही झालं नाही. सासूबाईंनी मोठा श्वास घेतला. आणि गच्चीवरच्या एसीच्या पत्र्यावर टण्ण असा आवाज झाला. मग दुसरा. मग एकदम कोणीतरी घमेलंभर खडी ओतावी तसा पाऊस कोसळला. माझी पाठ पार भिजली, पण मी दारातून हललो नाही. फळ्यांवर एक थेंब आला नाही.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. मला वाटलं गुडघा गेला. पण त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. विभावरीही हसायला लागली, तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सुदेशने फळ्यांकडे बघत नमस्कार केला, कुरडयांना की ढगाला ते मी विचारलं नाही. पाऊस पंधरा मिनिटांत थांबला, ऊन असं पडलं की दोन तासांत गच्ची तव्यासारखी झाली. पाच वाजता एकावन्न कुरडया खडखडीत वाळलेल्या होत्या. मोडलेल्या नऊ विभावरीने तळल्या. हाफिजा मॅडमनी त्यातल्या तीन खाल्ल्या आणि पुढच्या शादीची तारीख विचारली.

संध्याकाळी उमरची ईमेल आली. तिकीट ४४७१ बंद. कारण: ग्राहकाचं घड्याळ. मी त्याला 'थँक यू' लिहिलं आणि पहिल्या दोन पत्रांबद्दल माफीही मागितली. मनावर दगड ठेवूनच, पण मागितली.

रविवारी विमानतळावर सासूबाईंनी कुरडयांचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. व्हीलचेअरवाला आला तेव्हा त्यांनी मनगट बघितलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला की काय?"

"नाही आई," मी म्हणालो, "अजून बारा मिनिटं आहेत."

त्यांनी डोक्यावर हात ठेवला माझ्या. "हॉलमधलं घड्याळ तसंच पुढे असू द्या, जावईबापू. माझंही असू दे, या वयात मी काही सुधारत नाही. तुमच्या त्या लॅपटॉपचं तेवढं बरोबर ठेवा." व्हीलचेअर निघाली, तशा मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा, "आणि लग्नाला वेळेवर या! अस्मिताला सांगणार आहे मी, रुखवतातल्या कुरडया तुझ्या काकांनी स्वतः भिजून राखल्यात म्हणून!"